वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतलं दप्तर लावताना

प्रश्न : आजोबा गावच्या वाचनालयाचे आणि पतपेढीचे चिटणीस होते. त्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका भरून पत्रं, रोजनिशा, भाषणांची टिपणं, पावत्या निघाल्या; काही कागद मोडीत आहेत. अभिलेखागाराला देण्याआधी सगळं तारीखवार लावून एकेका कागदाची यादी करावी का?

उत्तर : दोन्ही नको. आजोबांनी गठ्ठा ज्या क्रमाने बांधला, तो क्रम हीसुद्धा माहिती आहे. कर्जाच्या अर्जाला जामीनदाराचं पत्र, ठरावाची नक्कल आणि पावती टाचलेली असते. तारखेप्रमाणे ती पांगली की पावती कशाची, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. ‘मान्यवरांची पत्रं’ वेगळी काढण्याचा मोहही टाळा. ते पत्र कशाचं उत्तर म्हणून आलं, हे शेजारच्या कागदावरूनच कळतं.

हात लावण्याआधी ट्रंकेतल्या प्रत्येक थराचा फोटो घ्या आणि गठ्ठ्यांत चिठ्ठ्या घालून क्रमांक द्या. बुरशी किंवा कसर दिसली तर ते कागद लगेच वेगळ्या खोलीत न्या. दमट कागद सावलीत, वाऱ्यावर सुकवा, उन्हात नाही. ओली बुरशी पुसली की ती कागदात आणखी पसरते. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, कागद फाटतो. स्टेपलची पिन असेल तर खाली जाड कार्ड सरकवून तिचे पाय पातळ पात्याने उघडा. पाकीट पत्रापासून तोडू नका. पत्रावर तारीख नसली तरी पाकिटावर शिक्का असतो. कागद आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवा, जाडी फार तर २ सेंटिमीटर. क्रमांक फोल्डरवर आणि शिसपेन्सिलीनेच.

आता वर्णन. हजारो कागदांची एकेक नोंद करायला बसलेलं काम सहसा पहिल्या दोनशे पत्रांवर अडकतं आणि उरलेली ट्रंक वाचकाला बंदच राहते. म्हणून वरून खाली या : आधी संपूर्ण दप्तर, मग मालिका (म्हणजे एकाच कामाच्या किंवा प्रकारच्या कागदांचा गट), मग फोल्डर. एकेका पत्राची नोंद फक्त जिथे खरोखर गरज आहे तिथेच. दप्तराच्या नोंदीत आजोबांचा अर्ध्या पानाचा परिचय द्या आणि कागद कुठून, कुणाकडून आले ते लिहा. मालिकेची नोंद साधारण अशी :

‘मालिका २ : वाचनालयाचा पत्रव्यवहार, १९३८–१९५६. ११ फोल्डर. आलेली पत्रं व पाठवलेल्यांच्या कार्बन प्रती. विषय : पुस्तकखरेदी, इमारत निधी, अनुदान. मराठी, फोल्डर ९ मोडीत. मूळ वर्षवार गठ्ठे तसेच ठेवले. १९४७ ची पत्रं नाहीत.’

हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. जे नाही ते लिहिलं नाही, तर अभ्यासक ते शोधत दिवस घालवतो. मोडी वाचता येत नसेल तर अंदाजाने विषय लिहू नका. ‘मोडी, वाचन बाकी’ एवढी नोंद प्रामाणिक असते.

प्रश्न : तारीख नसलेल्या किंवा शकातल्या पत्रांचं काय करायचं?

उत्तर : शकात गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवा. मार्गशीर्ष आणि पौष दोन इसवी सनांत विभागले जाऊ शकतात, तिथे त्या वर्षीचं पंचांग उघडाच. मूळ तारीख नोंदीत जशीच्या तशी ठेवून इसवी सन तिच्यापुढे लिहा. तिकिटांची किंमत आण्यांत असेल तर तिकीट बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वी छापलेलं; ‘नये पैसे’ त्यानंतरचे. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही. अशी काढलेली तारीख चौकोनी कंसात, शंका असेल तर प्रश्नचिन्हासह : [१९४१?].

प्रश्न : जीर्ण पत्रांचं लॅमिनेशन करून घेऊ का?

उत्तर : मुळीच नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागदाला धोका न पोहोचवता सुटत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. फाटका कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सुटा ठेवा.

प्रश्न : दुसऱ्यांनी आजोबांना लिहिलेली खासगी पत्रं छापता येतील का?

उत्तर : कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क पत्रलेखकाचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. छापण्याआधी त्यांची परवानगी घ्या. आजार, घरगुती वाद, कर्जदारांची नावं असलेले फोल्डर ठरावीक मुदतीसाठी बंद ठेवायचे असतील तर ते दानपत्रात फोल्डर क्रमांकासह आणि मुदत संपण्याच्या वर्षासह लिहून द्या. नुसतं ‘गोपनीय’ लिहिलेला फोल्डर कधी उघडायचा, हे पुढे कुणालाच ठरवता येत नाही.