पायाला चिखल्या आणि जांघेत गाठ: चोळून बसवावी का?

मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून घरी आलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आणि चौथ्या दिवशी त्याच बाजूच्या जांघेत बोराएवढी दुखरी गाठ आली. आई म्हणते, अवधाण आहे, तेल लावून चोळ. अवधाण, म्हणजे जखमेमुळे जवळच्या ग्रंथीला आलेली सूज, हे आईंनी बरोबर ओळखलंय, पण चोळू मात्र नका.

रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी बहुतांशी रक्तात परततं. उरलेलं, दिवसाला साधारण ३ लिटर, लसिका म्हणून लसिकावाहिन्यांतून गळ्याच्या बुडाशी असलेल्या मोठ्या शिरांपर्यंत जातं. वाटेत लसिकाग्रंथींची नाकी आहेत. पायाचं मोठं नाकं जांघेत.

चिखल्यांनी कातडी फाटली की जंतू आत शिरतात. काही तासांत पांढऱ्या पेशी तिथे धावतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच मढी. दुसऱ्या काही पेशी जंतूंचे तुकडे उचलून जांघेतल्या ग्रंथीत नेतात. तिथे लाखो लिम्फोसाइट्समधून (हाही पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) त्या जंतूला नेमक्या जुळणाऱ्या मोजक्या पेशी शोधल्या जातात आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते. त्या काळात ग्रंथीत येणारं रक्त वाढतं, पेशींची बाहेर पडायची वाट काही काळ बंद होते, वरचं आवरण ताणतं आणि म्हणून ठुसठुसतं. जंतू नवा असेल तर पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. ही सूज म्हणजे चालू असलेलं काम आहे. चोळल्याने ते लवकर उरकत नाही, दुखणं मात्र वाढतं.

इलाज पायाला करा. साबणाने धुऊन प्रत्येक बेचका कोरडा करा. चिखल्यांत बहुधा बुरशी असते, म्हणून क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा लावा. बरं दिसायला लागल्यावरही दोनेक आठवडे सोडू नका. दुकानदार देईल ते स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, कारण लढणाऱ्या पेशीच गप्प होतात, आणि बुरशी खाली पसरत राहते. या एका चुकीने साधं दुखणं महिनोन्‌महिने चिघळतं.

पायावरून वर चढणारी लाल रेघ, थंडी वाजून ताप, गाठ लाल आणि मऊ होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर यातल्या कशाचीच वाट पाहू नका. गाठ ४ आठवड्यांनीही तशीच राहिली, वाढली किंवा दगडासारखी टणक लागली तरी दाखवा. जननेंद्रियांच्या बाहेरच्या भागाची आणि गुदद्वाराकडची लसिकाही याच ग्रंथींत येते, तेव्हा तिकडे काही त्रास असेल तर न लाजता सांगा.

आता लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. त्याचे जंतू फाटलेल्या कातडीतून शिरून पटकन रक्तात पोहोचतात, त्यामुळे अवधाण आलं किंवा नाही यावरून लेप्टोचा काहीच अंदाज येत नाही. तो टाळण्यासाठीच्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दल पाण्यातून आल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारायचं असतं. ते तास उलटले असले तरी जखम उघडी होती म्हणून आजच विचारा. पुढचे ३० दिवस, त्यातही ५ ते १४ दिवसांच्या दरम्यान, ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच असू द्या: मी तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो.