प्रश्न तुमचे: सॅट्सशेजारी दहावी नको

प्रश्न : मी मूळची दापोलीची, इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षण घेते आहे. तिथली सहावीअखेरची सॅट्स ही राष्ट्रीय चाचणी आणि आपली दहावी यांच्या तुलनेवर प्रकल्प लिहायचा आहे. वर्गातलं रोजचं मूल्यमापनही त्यात घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक प्रशिक्षणार्थी, लीड्स

उत्तर : आधी जोडी बदला. दहावीच्या गुणांवर मुलाचा अकरावीचा प्रवेश ठरतो. मे महिन्यातल्या सॅट्समध्ये कमी पडलं म्हणून कुणाची माध्यमिक शाळा अडत नाही. त्या निकालाची मोजपट्टी ८० ते १२० अशी असते, १०० ही अपेक्षित पातळी, आणि आकडे जाहीर होतात ते शाळेचे. जाब मुख्याध्यापकांना, ताण मात्र पोरांपर्यंत झिरपतो.

दहावीशेजारी जीसीएसई, म्हणजे तिथली सोळाव्या वर्षाच्या सुमाराची शालान्त परीक्षा, ठेवा. गणितच घ्या. तिथे दीड-दीड तासाच्या तीन प्रश्नपत्रिका असतात, त्यांतली एक कॅल्क्युलेटरशिवाय. श्रेणी ९ (सर्वोच्च) ते १, अंतर्गत गुण शून्य. शिवाय काठिण्याचे दोन स्तर : सोप्या स्तराला बसलेल्याला ५च्या वर श्रेणी मिळूच शकत नाही. आपल्याकडे सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, वर शाळेने द्यायचे २० गुण. लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे मांडूनच तुलना करा. बेरीज घेतलीत तर प्रकल्प तिथेच फसेल.

रोजच्या मूल्यमापनात कागदावर आपणच उदार आहोत. २०१०च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला, ७० टक्के भार आहे, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. दैनंदिन निरीक्षणापासून स्वाध्यायापर्यंत आठ साधनतंत्रं दिली आहेत. घोडं अडतं नोंदवहीत. सत्र संपताना एका बैठकीत लिहिलेल्या नोंदीचा त्या मुलाला काय उपयोग? म्हणून दोन्हीकडच्या वर्गांना एकच प्रश्न लावा : आज मुलांनी दिलेल्या उत्तरांमुळे उद्याचा तास बदलला का?

शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८चा प्रयोगही वाचा. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं; शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा उरला नाही. दोन्हीकडच्या वह्या चाळताना हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : आमची देवगड तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. इंग्लंडमधल्या पद्धतींतलं इथे काय चालेल?
— एक शिक्षक

उत्तर : तिकडच्या वर्गांत छोटे पांढरे फळे वापरतात, तुमच्याकडे पाट्या आहेत. प्रश्न विचारा, पाटी छातीशी उलटी धरायला लावा आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. हा क्रम सैल झाला की मागची दोघं पुढच्याची पाटी पाहून लिहितात.

कस लागतो तो प्रश्न रचताना. पुढे दशांश शिकवायची वेळ आली, तर ‘०.४, ०.३५, ०.१२५ यांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न वाया जाईल. ‘जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी’ असं समजणारं मूलही ०.४च म्हणतं आणि आपण खूश होतो. त्याऐवजी ०.५, ०.६२, ०.१२५ द्या. आता ०.१२५ म्हणणारा पूर्णांकासारखं वाचतो आहे, ०.५ म्हणणारा अंक मोजतो आहे. कोणाला काय पुन्हा शिकवायचं ते तिथेच कळतं.

वाचनासाठीही एक युक्ती घेण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून शिक्षक एकेकट्याने ४० शब्द वाचून घेतात. त्यांतले २० निरर्थक असतात. पाठ झालेला शब्द कोणता आणि अक्षरं जुळवून वाचलेला कोणता, हे त्यातून उघडं पडतं. तुम्ही ‘तिमळू’, ‘खेबार’, ‘प्रुस्ती’, ‘गौसण’ असे दहा शब्द करा. जोडाक्षर आणि वेलांटी-उकार त्यांत यायला हवेत. घरच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होत असेल तर ‘गौसन’ बरोबर धरा. तिकडच्या सूचनाही मुलाच्या बोलीची ढब लक्षात घ्यायलाच सांगतात.

प्रश्न : नातू इंग्लंडमध्ये चौथीला आहे. जूनमध्ये त्याची पाढ्यांची चाचणी. रोज व्हिडिओ कॉलवर तीसपर्यंत पाढे म्हणून घेऊ का?
— एक आजोबा, अलिबाग

उत्तर : तीसपर्यंतचे पाढे चांगलेच, पण चाचणी बारा बारेपर्यंतच असते. संगणकावर २५ प्रश्न येतात, प्रत्येकाला ६ सेकंद, दोन प्रश्नांमध्ये ३ सेकंदांची उसंत. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नसतं. सात एके सातपासून चढत गेलं तर सात आठे छप्पन्नपर्यंत वेळ संपतो, म्हणून उलटसुलट विचारा. ६, ७, ८, ९ आणि १२ जास्त. त्याला उत्तर बोलायला न लावता टंकायला सांगा. ‘चौऱ्याऐंशी’ म्हणणं आणि ८४ची बटणं शोधणं यांतच मुलांचे दोन सेकंद जातात.