वडील अपघातात गेले तरी मैत्रीण रडलीच नाही, तिला रडवायला हवं का?

नाही. रडवू नका. हात जोडून सांगते, रडवू नका.

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीचे वडील अपघातात अचानक गेले, पाच दिवस झाले, ती एकदाही रडली नाही, उलट त्यांच्या कपाटातले कागद काढून फाइली लावत बसते, घरातले म्हणतायत हिला धक्का बसलाय, हिला रडवा, नाहीतर छातीत दाटेल. आणि तुम्ही विचारताय की हे नॉर्मल आहे का, तिला मोकळं कसं करायचं, आणि सावरायला किती दिवस लागतील. मी डॉक्टर नाही. पण फाइली लावत बसणारी ती बाई मी होते, म्हणून लिहितेय, आणि हे लांबणार आहे.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. 31 वर्षांचा होता. सकाळी ऑफिसला निघाला आणि जिन्यातच कोसळला, हृदय बंद पडलं, बास. ना आजार ना औषधं. आदल्या रात्री आम्ही फोनवर भांडलो होतो, आईच्या बाथरूममधल्या गळतीसाठी प्लंबर कोणी बोलवायचा यावरून. फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. पलीकडून कोणीतरी रडत सांगत होतं, मी "हो, हो, निघते" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातला शर्ट पूर्ण केला. कॉलर, दोन्ही बाह्या, बटणपट्टी. घडी घातली. मग प्लग काढला आणि निघाले.

हॉस्पिटलमध्ये आई जमिनीवर बसून हंबरडा फोडत होती आणि मी काउंटरवर उभी राहून फॉर्म भरत होते. मृताशी नातं या रकान्यात मी "मोठी बहीण" लिहिलं, माझं अक्षर एरवी इतकं चांगलं येत नाही. नर्सने त्याचं घड्याळ, पाकीट आणि मोबाइल एका पिशवीत घालून दिलं. मोबाइलचा पॅटर्न मला माहीत होता. मेसेज येत होते. अरे कुठे आहेस, मीटिंग सुरू झाली. संध्याकाळी येतोयस ना. मी एकेकाला उत्तर देत गेले, मी त्याची बहीण, तो आज सकाळी गेला, कळवायला उशीर झाला, माफ करा. कोणाला किती लिहायचं हे पण मी ठरवत होते, जवळच्याला फोन, लांबच्याला मेसेज. बॅटरी संपत आली. त्याच्या ऑफिसमधला एक मुलगा, मी त्याला ओळखतही नव्हते, कुठूनतरी चार्जर घेऊन आला, भिंतीतल्या प्लगला लावला आणि वायर पुरत नव्हती म्हणून मी जमिनीवर बसले तर तोही शेजारी जमिनीवर बसला. काही बोलला नाही. मधे एकदा फक्त "या नंबरला मी कळवतो" म्हणाला.

मग मावशी आली. तिने मला तिथून उठवलं, आत नेलं, माझी हनुवटी धरून माझा चेहरा भावाकडे वळवला आणि म्हणाली, बघ त्याच्याकडे, रड, रड गं, अशाने मरशील. खांदे धरून हलवत होती. आणि मला हसू आलं. आवाज करून. आपोआप, उचकी लागते ना तसं. खोलीतले सगळे गप्प झाले. बाहेर जाऊन मावशी म्हणाली, पोरगी दगड आहे, हिला भावाचं काही नव्हतंच. हे तिने कोणाच्या कानात नाही सांगितलं. आईच्या समोर सांगितलं.

तर आता तुमच्या प्रश्नाचं जमेल तेवढं उत्तर देते, कारण त्या हसण्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं आणि मी पुढे वर्षभर यावर मिळेल ते वाचत सुटले होते.

अचानक बातमी आली की शरीर आधी धोका ओळखतं, दुःख नंतर. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, माणूस एकदम टक्क जागा होतो, हात चालतात, छोटे छोटे निर्णय पटापट घेता येतात, आणि आपण हे सगळं काचेच्या पलीकडून बघतोय असं वाटतं, आवाज लांबून येतात. ही मेंदूची नेहमीची पद्धत आहे. कोणी गोठतं, कोणी किंचाळतं, कोणी फॉर्म भरतं, कोणी हसतं. प्रेमाचं माप यातल्या कशातच नाही.

1942 साली बॉस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागली, 492 माणसं गेली. एरिक लिंडेमन नावाचा मानसोपचारतज्ज्ञ त्या वेळी वाचलेल्यांना आणि गेलेल्यांच्या नातेवाइकांना भेटला, आणि 1944 मध्ये त्याने जे लिहिलं ते मी वाचलं तेव्हा वाटलं की माझ्याच घरात बसून लिहिलंय. दुःख लाटांनी येतं, वीस मिनिटं ते तासभर, घसा आवळतो, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी वाटते. सगळं खोटं खोटं वाटतं, माणसं दूर गेल्यासारखी वाटतात, जवळचे लोक प्रेमाने बोलायला आले तरी चीड येते. आणि एका जागी बसवत नाही, हात सतत काहीतरी काम शोधत राहतात. ही फाइलीच ना?

पण खरं सांगायचं तर मावशीचं म्हणणं पण त्याच्यापासून फार लांब नव्हतं. दुःख साठवलं तर पुढे कधीतरी फुटून बाहेर येतं असं लिंडेमनचंही मत होतं, आणि ते मत पुढे कित्येक वर्षं जगभर चाललं. मग जॉर्ज बोनानोसारख्या संशोधकांनी जवळचं माणूस गेलेल्या लोकांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं, तर सुरुवातीला फार कोलमडले नाहीत असे लोक बरेच निघाले, आणि नंतर ते फुटले वगैरे असं काही दिसलं नाही. ते कोरडे नव्हते, आठवण काढत होते, कळवळत होते, फक्त उभे होते. दुःखाच्या त्या पाच पायऱ्या सगळे सांगतात ना, नकार, राग, त्यातलं पण सांगून टाकते, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईने 1969 मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांवरून नव्हे. त्यामुळे तुमची मैत्रीण कुठल्या पायरीवर आहे हे शोधत बसू नका.

माझंच बघा. सहा वर्षं झाली, लोक म्हणत होते तसा तो एक दिवस, ज्या दिवशी मी धाय मोकलून रडेन, तो आलाच नाही. डोळे भरतात, कधी गाडी चालवताना, कधी काहीच कारण नसताना, आणि दोन मिनिटांत थांबतात. पहिले काही महिने मला नंबर लक्षात राहायचे नाहीत, माझा स्वतःचा पिन मी दोनदा चुकवून कार्ड ब्लॉक केलं. जिन्यात पावलं वाजली की मान वळायची. मुलांवर फार ओरडले मी त्या काळात, त्याचं वाईट वाटतं अजून. हे सगळं दुःखच होतं, फक्त बाहेरच्यांना दिसेल असं नव्हतं.

आणि आई, जी सगळ्यांत जास्त रडली, तिला तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. सगळ्यांना वाटलं अटॅक. अँजिओग्राफी केली तर कुठेच ब्लॉक नाही. डॉक्टरांनी सांगितलं ताकोत्सुबो. मोठा मानसिक धक्का बसला की स्ट्रेस हॉर्मोनच्या माऱ्याने हृदयाचा डावा खालचा कप्पा तात्पुरता फुगतो, वर मान अरुंद आणि खाली गोल. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं तसा तो आकार दिसतो, म्हणून 1990 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे नाव दिलं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतं आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, आईही झाली. रडल्यामुळे तिला ते झालं असं मी अजिबात म्हणत नाही. पण रडलं की सगळं बाहेर पडतं आणि माणूस सुटतो, हा हिशोब इतका सरळ असता तर माझी आई आयसीयूत गेली नसती आणि मी तिच्याही फाइली लावत बसले नसते.

तिथेच, आयसीयूच्या बाहेर, मावशी मला परत म्हणाली, बघ, आईने तरी मन मोकळं केलं. मी उत्तर दिलं नाही. देणार काय.

लोक न रडणाऱ्या बाईला काय करू शकतात याचं एक उदाहरण जगाने पाहिलेलं आहे. 1980 साली ऑस्ट्रेलियात उलुरूजवळ तंबू टाकून राहिलेल्या लिंडी चेंबरलेनची नऊ आठवड्यांची मुलगी डिंगोने, म्हणजे तिकडच्या जंगली कुत्र्याने, उचलून नेली. लिंडी कॅमेऱ्यासमोर शांत बोलायची, आणि लोक म्हणायला लागले की खरी आई अशी बोलेल का. कोर्टातले फॉरेन्सिक पुरावे पुढे चुकीचे निघाले ते वेगळं, पण लोकांच्या मनात निकाल त्याच्या आधीच लागला होता. 1982 मध्ये मुलीच्या खुनासाठी तिला जन्मठेप झाली. 1986 मध्ये बाळाचं जॅकेट सापडलं तेव्हा ती सुटली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनेच नेलं हे सरकारी कागदावर यायला 2012 उजाडलं. माझं प्रकरण तिच्यासमोर काहीच नाही, मला माहीत आहे. पण हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर मैत्रिणीचं काय करायचं. तिच्या शेजारी बसा आणि तारखेप्रमाणे कागद लावायला मदत करा. फोटोकॉपी काढून आणा. फोनला उत्तर द्या. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, नसेल बोलायचं तर "काय झालं सांग ना नीट, मोकळं वाटेल" असं म्हणून तो अपघात तिच्याकडून पुन्हा वदवून घेऊ नका. मोठ्या दुर्घटनांनंतर लोकांना लगेच बसवून सगळं एकदा बोलायला लावायची पद्धत होती, ती तपासली गेली तेव्हा नंतरचा त्रास टाळायला तिचा उपयोग दिसला नाही, काहींचा त्रास तर वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटना पण आता हेच सांगते की जवळ रहा, ऐका, लागेल ती मदत मिळवून द्या, बोलायची सक्ती करू नका. आणि कोणी तिला दगड म्हणालं तर तिथल्या तिथे त्या माणसाला थांबवा, नंतर एकांतात तिची समजूत घालून काही होत नाही, कारण तोपर्यंत ऐकायला नको त्याने ऐकलेलं असतं.

किती दिवस, याला आकडा नाही. मात्र हे पण लिहायला हवं, आधी लिहायला हवं होतं, की ती अनेक दिवस झोपतच नसेल, जेवत नसेल, दारू किंवा गोळ्यांवर जात असेल, "मी पण जाते त्यांच्याकडे" अशा अर्थाचं काही बोलली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि सहा महिने उलटून गेल्यावरही पहिल्या आठवड्याइतकीच तीव्रता असेल, रोजचं जगणंच बंद पडलं असेल, तर त्याला आता दीर्घकाळ लांबलेलं दुःख असं निदान आहे, त्यावर उपचार आहेत. आणि ती रडली तर रडू द्या, तेही थांबवू नका. मी रडण्याच्या विरोधात नाही. कोणी खांदे धरून हलवायच्या विरोधात आहे.

काका गेले तेव्हा मावशी तीन दिवस रडत होती आणि माझ्या आईने तिला त्या तीन दिवसांत एक मिनिट सोडलं नव्हतं. त्याने ती वाचली असं ती अजून सांगते. म्हणजे मला तिने तेच द्यायला बघितलं ज्याने ती स्वतः तरली, एवढं मला या सहा वर्षांत समजलंय. ते हनुवटी धरणं मी सोडून दिलंय. पण कोणीही गेलं असतं तरी आईला ते दगडाचं वाक्य ऐकवायला नको होतं. वर्षभराने आईने मला एकदा स्वयंपाकघरात, पाठ माझ्याकडे ठेवून विचारलं, तुला खरंच काही वाटलं नव्हतं का गं. मी इतकी चिडले की भांडं आपटून निघून गेले, आणि त्यामुळे तिला उत्तर मिळाल्यासारखंच झालं असणार. नंतर आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.

माझा मावसभाऊ इथली उत्तरं वाचतो. तू हे वाचत असशील तर मावशीला वाचून दाखव. माझी माफी मागायला सांगत नाहीये. आईला एक फोन करून एवढंच म्हणायला सांग, की त्या दिवशी पोरीबद्दल बोलले ते चुकलं. आई माझं नाही ऐकणार, तिचं ऐकेल.