गणपतीआधी हॉल रंगवायचा आहे, पण मागचा रंग दोन वर्षांत सुटला. या वेळी कोणता रंग घेऊ?

रंग कोणता ते शेवटी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात कमी महत्त्व त्याचंच आहे. तुम्ही लिहिलंय: नव्वदच्या दशकातली इमारत, तिसरा मजला, हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिडकीखाली पोपडे, हात लावला की पांढरी भुकटी; आणि दोन वर्षांपूर्वी दुकानातला सगळ्यात महाग डबा आणला होता. यात डब्याचा दोष मला तरी दिसत नाही. ती भिंत पाणी पितेय.

मी २२ वर्षं डोंबिवली-कल्याण भागात रंगकामाचे ठेके घेतो. खिडकीखालची ओल बघायला बोलावलं की मी भिंतीकडे नंतर बघतो, आधी खिडकीची पट्टी बघतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात, आत आलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. बऱ्याच घरांत ती बुजलेली सापडतात, धुळीने नाहीतर मागच्या पेंटरच्या पुट्टीने (भिंत गुळगुळीत करायचा लेप). मग पाणी पट्टीत साचतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून गुपचूप भिंतीत उतरतं. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे मार खाते ती पश्चिमेचीच भिंत.

पाऊस थांबला की त्या पट्टीत तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर पडलं नाही तर दाभणाने भोकं मोकळी करा. बाहेर पडलं, तर मग चौकटीभोवतीची फट आणि बाहेरच्या प्लास्टरचे तडे बघावे लागतील. बाहेरचे तडे म्हणजे सोसायटी आली. अर्ज आत्ताच देऊन ठेवा, कारण भिंत वाळेल पण तो ठराव लवकर पास होणार नाही.

ती पांढरी भुकटी म्हणजे खार. विटा, वाळू, सिमेंट यांतले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. वर रंगाचा पापुद्रा असेल तर ते त्याच्या पाठीमागे साठतात आणि त्याला ढकलतात. रंग जितका भारी तितका त्याचा पापुद्रा घट्ट, म्हणून तुमचा महागडा रंग पुरीसारखा फुगला. आमच्या गावच्या घराला आजी दिवाळीआधी चुना लावायची, नीळ घालून. त्या भिंतींनाही ओल होतीच, पण चुना श्वास घेऊ देतो. पाणी यायचं आणि जायचं, फार तर थोडा चुना झडायचा. खार पाण्याने पुसू नका, तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि फडक्याने टिपून घ्या.

आता तुम्हाला न आवडणारं सांगतो. गणपतीआधी ही भिंत रंगवू नका.

ठेकेदारीच्या तिसऱ्या वर्षी मी हेच करून बसलो होतो. घरमालकांना चतुर्थीच्या आत घर हवं होतं आणि मला पैशांची गरज होती. भिंत हाताला कोरडी लागली, मी पुट्टीचे दोन हात म्हणजे थर ओढले, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर), दोन हात रंग. आरतीला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं. दिवाळीत त्याच भिंतीवरून वितभर पुट्टी रंगासकट खाली आली. पुन्हा केलं ते माझ्या खिशातून. हाताला कोरडी लागणं आणि आतून कोरडी असणं यातला फरक तेव्हा कळला. हे तपासायला दीड बाय दीड फुटाचं जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब धरले तर आत पाणी आहे. बाहेरच्या बाजूने धरले तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे.

तर यंदा त्या भिंतीचे सुटलेले पोपडे काढा, खार झाडा, उघडी ठेवा आणि मखर नेमकं तिच्यासमोर मांडा. बाकीच्या तीन भिंती आणि छत आता करायला हरकत नाही, फक्त पावसाळ्यात पुट्टी वाळायला वेळ लागतो, त्यामुळे पंखा लावून दोन हातांच्या मध्ये जास्त वेळ सोडा. १० दिवसांत सगळं घर करून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, पुट्टी वाळायला किती वेळ धरलाय? पश्चिमेची भिंत डिसेंबर-जानेवारीत, प्लास्टिकची परीक्षा पास झाल्यावर. चार महिन्यांनी तोच शेड मिसळून आणला तरी उन्नीस-बीस फरक पडतोच, म्हणून त्या भिंतीला मुद्दाम वेगळा रंग ठरवा. आणि कुठलीही भिंत मध्येच सोडायची नाही, कोपऱ्यात संपवायची.

पेंटरशी बोलताना मोजमाप आधी ठरवा. भांडणं तिथेच होतात. १० बाय १२ ची खोली, उंची १०, तर भिंती ४४० चौरस फूट, छत १२०, मिळून ५६०. एक दार (२१) आणि एक खिडकी (१६) वजा केली की ५२३. काही जण दारं-खिडक्या वजा करत नाहीत, कडा सांभाळायला वेळ जातो म्हणून. त्यात लबाडी नाही, पण बोलणं आधी झालेलं असावं. एका लिटरमध्ये दोन हात किती फुटांवर बसतात ते डब्यावर छापलेलं असतं, आणि पाणी किती घालायचं तेही. १३० फूट धरले तर या खोलीला ४ लिटर लागतील. छापलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, म्हणून लिटरभर जास्त धरा. पण पेंटरने ८ लिटर सांगितले किंवा अडीच लिटरमध्ये भागवलं, तर विचारा.

पेंटर एकाच कंपनीचा आग्रह धरत असेल तर त्याचंही कारण असतं. डब्यात त्याच्यासाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं, हल्ली स्कॅन करायचा कोड. मीही घेतो. ते त्याचं आहे, त्याला द्या, पण रंग तुमच्या गरजेने निवडा. "पुट्टी आहे ना, मग प्रायमर कशाला" हे मात्र ऐकू नका. नुसती पुट्टी रंग शोषते आणि डाग दिसतात. जुना डिस्टेंपर (स्वस्तातला भिंतीचा रंग) तळहाताला पांढरा लागत असेल तर तो आधी खरवडायचा. त्यावर ओढलेली लांबी (जुने कारागीर पुट्टीलाही लांबीच म्हणतात) भिंतीला धरत नाही, भुकटीला धरते.

जुन्या दारांचा ऑइल पेंट कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांचा रंग त्याआधीचा असेल, तर त्यात शिसं असू शकतं. पाण्याचा पेपर (भिजवून वापरायचा सँडपेपर) लावून ओलं घासायचं, तोंडाला मास्क बांधायचा आणि मुलांना तेवढे दिवस आजोळी पाठवायचं.

आणि हो, रंग. हॉलला मधल्या किमतीचं, चकाकी नसलेलं इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) घ्या. चकाकीवाला रंग धुवायला सोपा, पण भिंतीची प्रत्येक उंची-खोली उजेडात आणतो, त्यातून छताला एलईडीची पट्टी असेल तर विचारूच नका. शेड कार्डावर बघून ठरवू नका. दोन-दोन फुटांचे तुकडे रंगवा, एक खिडकीजवळ, एक आतल्या भिंतीवर, आणि सकाळी आणि रात्री बघा. इमल्शन वाळल्यावर गडद होतं, म्हणून ओलं असताना "वा" म्हणू नका.