वाचकांचे प्रश्न : एजंटच्या हातात डिलीट द्यायचं का?

प्रश्न : नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला एका आर्किटेक्टकडे कामाला आहे. तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या बागायतदारांच्या बेदाणा शेडची कामं आमच्याकडे येतात, त्यासाठी ग्रासहॉपरमध्ये (ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला भाग, त्यात डबे वायरींनी जोडून डिझाइन करतात) एकच फाइल केलीये, स्लायडर हलवला की खांबांमधलं अंतर, जाळीचे मजले, शेडची लांबी सगळं बदलतं. पण ती फाइल इतक्या जणांच्या हातून गेलीये की नुसता वायरींचा गुंता झालाय. आता चालू कॅनव्हासला, म्हणजे उघड्या फाइलला, एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः करणारा एआय) जोडणारं एक टूल मिळालंय, त्यात कंपोनंट, म्हणजे ते डबे, डिलीट करायची सोय पण आहे. साफसफाई त्याच्याकडून करून घेऊ का? साहेब नको म्हणतायत.

उत्तर : घ्या करून, पण त्याला "नको ते काढून टाक" असं मोघम सांगू नका. असं सांगितलं की एजंट साधारण काय शोधतो, तर ज्याच्या उजव्या बाजूने एकही वायर पुढे जात नाही ते कंपोनंट. आता तुमच्याच फाइलमध्ये बघा, शेवटी जे खांब आणि पत्रा तयार होतो त्याच्या पुढेही काही जोडलेलं नसतं, कारण तिथून तुम्ही थेट बेक करून, म्हणजे पक्कं ड्रॉइंग करून, ऱ्हायनोत घेता. म्हणजे वायरींच्या हिशोबाने बिनकामाचं ते आणि तुमच्या हिशोबाने अख्खी शेडच ती.

दुसरं म्हणजे नावावरून डिलीट करू देऊ नका. एका फाइलमध्ये एकाच नावाचे पाच-सहा स्लायडर सहज असतात. प्रत्येक कंपोनंटला स्वतःचा वेगळा जीयूआयडी (ओळख क्रमांक) असतो, तो सांगूनच काढायला लावा, आणि काढायच्या आधी यादी मागा : कोण जाणार, त्याच्यावर पुढचं कोण अवलंबून आहे. यादी वाचायची तुम्ही, मगच हो म्हणायचं.

आता खरी काळजीची गोष्ट, हे नीट वाचा. मधलं कंपोनंट उडालं की पुढचं केशरी होतं, डेटा मिळाला नाही म्हणून सांगतं, ते बरंच आहे, दिसतं तरी. पण काही कंपोनंटच्या इनपुटमध्ये आधीपासून आकडे भरलेले असतात. सिरीज घ्या, म्हणजे ठरावीक टप्प्याने आकड्यांची रांग देणारं कंपोनंट, सुरुवात ०, टप्पा १, संख्या १०. खांबांचं अंतर देणारा स्लायडर एजंटने काढला तर सिरीज अजिबात तक्रार करत नाही, टप्पा १ धरून पुढे चालू, रंग करडाच. फाइल मीटरमध्ये असेल तर खांब एकेक मीटरवर येऊन बसतात आणि कुणी बघितलं नाही तर पाइपचा हिशोब तसाच फॅब्रिकेटरकडे जातो. त्यामुळे केशरी काही नाही म्हणजे सगळं ठीक, असं एजंट म्हणाला तरी मानू नका, साफसफाईच्या आधी आणि नंतर खांब किती आणि एकूण लांबी किती हे दोन आकडे पॅनेलवर (आकडे दाखवणाऱ्या चौकटीत) ताडून बघा.

अन्डू, म्हणजे केलेलं मागे घेणं, चालतं का हे पण एका रिकाम्या फाइलवर आधी तपासा. तुम्ही हाताने डिलीट केलं की ग्रासहॉपर त्याची नोंद ठेवतं, पण टूल बाहेरून कोड चालवून काढतं तेव्हा ती नोंद टूल लिहिणाऱ्याने मुद्दाम करावी लागते. केली नसेल तर कंट्रोल झेड दाबून काही परत येत नाही, आणि तोच कंपोनंट नव्याने ठेवला तर त्याचा जीयूआयडी वेगळा, वायरी परत तुम्हालाच ओढायच्या. असं टूल असेल तर त्याला डिलीट देऊच नका, माझं स्पष्ट मत आहे. फाइलची वेगळ्या नावाने कॉपी तर आधी ठेवाच.

प्रश्न (त्यांचाच) : टूलच डिलीटच्या आधी विचारतं म्हणे, मग एवढं कशाला?

उत्तर : विचारेलच असं नाही. एमसीपी म्हणजे एआयला बाहेरची टूल जोडायची ठरलेली पद्धत, तिच्या २०२५ च्या आवृत्तीपासून टूलवर "याने मोडतोड होऊ शकते" अशी खूण लावता येते, पण ती नुसती खूण, तिने काही अडत नाही, विचारायचं की नाही ते तुम्ही वापरता ते ॲप ठरवतं. आणि विचारलं तरी दहाव्यांदा माणूस न वाचताच हो दाबतो.

त्यापेक्षा एजंटला सांगा की डिलीटच्या आधी कंपोनंट डिसेबल, म्हणजे तात्पुरतं बंद, कर. वायर जागेवर राहते पण तिच्यातून डेटा येत नाही, आणि वायर आहे म्हणून सिरीज आपला भरलेला आकडा वापरत नाही, ती केशरी होते. म्हणजे डिलीट केल्यावर जे लपलं असतं ते इथे उघडं पडतं. एक-दोन शेडची ड्रॉइंगं तशाच फाइलवर काढून बघा, कुठे केशरी झालं नाही आणि दोन्ही आकडे जुळले की मग ती डिसेबल केलेली कंपोनंट खुशाल काढायला सांगा. साहेबांनाही हेच दाखवा.