स्टोरेजची चेसिस बदलताना

पावसाळ्यात वीज जा-ये करू लागली की स्टोरेजच्या, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा साठवणाऱ्या यंत्राच्या, चेसिसबद्दलचे तेच ते प्रश्न येतात. चेसिस म्हणजे डिस्क, कंट्रोलर, पॉवर सप्लाय ज्या खणांत बसतात तो सांगाडा.

प्र. यंत्र चालू ठेवून चेसिस बदलता येते का? विक्रेता म्हणतो सगळं 'हॉट स्वॅप' आहे. (मडगाव)

नाही. डिस्क, पंखे, पॉवर सप्लाय चालू यंत्रात बदलतात, चेसिस नाही.

प्र. पॉवर सप्लायचा दिवा पिवळा आहे. तंत्रज्ञ अख्खी चेसिस बदला म्हणतो. (पणजी)

लगेच पैसे मोजू नका. आधी केबल आणि यूपीएसचे सॉकेट तपासा. मग डाउनटाइम (यंत्र बंद ठेवायची ठरलेली वेळ) घेऊन दोन्ही सप्लायची अदलाबदल करा. दोष सप्लायबरोबर सरकला तर सप्लाय बाद. त्याच खणात राहिला तरच चेसिसचा संशय. लॉग (यंत्राने ठेवलेल्या नोंदी) कंपनीच्या सपोर्टला पाठवा आणि निदान लेखी मागा.

प्र. रेड (RAID, डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून केलेली अनेक डिस्कची मांडणी) आहे, तरी बॅकअप हवा? (फोंडा)

हवाच. आणि बॅकअपमधली एखादी फाइल परत आणून बघा.

प्र. बंद कुठल्या क्रमाने करायचे? (वेर्णा)

आधी सर्व्हर, मग कंट्रोलर (डिस्कचा कारभार पाहणारा भाग), शेवटी डिस्क शेल्फ (जादा डिस्कचा वेगळा डबा). सुरू करताना नेमके उलट. कॅशचा (डिस्कवर उतरण्याआधी डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीचा) दिवा लुकलुकत असेल तर डेटा अजून सुरक्षित उतरलेला नसू शकतो; थांबा, मॅन्युअल पाहा. उचलण्याआधी डिस्क, सप्लाय, कंट्रोलर काढून चेसिस हलकी करा. तरी दोघे हवेतच.

प्र. एसी बंद करून, दार उघडं टाकून काम केलं तर चालेल? (म्हापसा)

अजिबात नको. गोव्यात सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. 'एसीत नेलं की दव धरतं' ही ऐकीव गोष्ट उलटी आहे. दव गार वस्तूवर, दमट हवेत धरते. पावसाळ्यात इथला दवबिंदू, म्हणजे ज्याहून गार वस्तूवर दव धरते ते तापमान, 24 अंशांच्या आसपास असतो. सर्व्हर रूममध्ये 20 अंशांवर गार झालेली डिस्क व्हरांड्यात ठेवलीत, की तिच्या पत्र्यावर आणि कनेक्टरवर पाणी धरते. तशीच परत बसवून वीज दिली तर शॉर्ट होऊ शकते. न झाली तरी किनाऱ्याकडच्या खारट हवेत पिना गंजू लागतात आणि बिघाड काही महिन्यांनी डोके वर काढतो. एसी चालू, दार बंद, सुटे भाग त्याच खोलीत अँटिस्टॅटिक पिशवीत. नवी चेसिस आदल्या दिवशीच खोलीत आणा. काही दमट झाले असेल तर वीज देऊ नका, सपोर्टला विचारा.

प्र. डिस्क कुठल्याही खणात घातल्या तर? (पर्वरी)

काही यंत्रे खण बदललेली डिस्क ओळखतात, पण विसंबू नका. खणाचा क्रमांक प्रत्येक डिस्कवर चिकटवा, केबलला दोन्ही टोकांना लेबल लावा, फोटो काढा. फिरणारी डिस्क थोडी ओढून मिनिटभर थांबा, मग बाहेर काढा. बसवण्याआधी मिडप्लेनच्या (चेसिसच्या आतल्या, सगळे भाग जोडणाऱ्या पट्टीच्या) पिना टॉर्चने पाहा. वाकलेली एक पीन कनेक्टर खराब करते. सुरू होताना 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (डिस्कवरची मांडणी कंट्रोलरला अनोळखी वाटते) असे दिसले तर 'क्लिअर' किंवा 'इनिशिअलाइज' दाबू नका. सगळ्या डिस्क दिसतात का ते पाहा, आणि 'इम्पोर्ट' करण्याआधी सपोर्टला फोन लावा.

प्र. नव्या चेसिसचा सिरियल क्रमांक वेगळा आहे. (वास्को)

वॉरंटी आणि काही लायसन्स त्याच्याशी बांधलेली असतात. कंपनीच्या इंजिनिअरकडून नोंद बदलून घेतल्याशिवाय तक्रार बंद करू देऊ नका.