माशांच्या टाकीतलं पाणी पुन्हा पुन्हा गढूळ होतंय?

आधी टाकीतलं थोडं पाणी पांढऱ्या कपात घे आणि खिडकीपाशी धरून बघ. दुधाळ दिसलं तर जिवाणू वाढलेत, हिरवट दिसलं तर तरंगतं शेवाळ. दोन्हींचे उपाय वेगळे.

टाकी जेमतेम महिन्याची असेल, तर बहुतेक दुधाळच असणार. सगळं पाणी उपसू नकोस. मी सुरुवातीला दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करायचो, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायचो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजातले, माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू मरायचे आणि तिसऱ्या दिवशी पाणी परत ताकासारखं. दोन गप्पी त्यातच गेले, अजून वाईट वाटतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, तोही प्रवाह मंदावला तरच.

खाणं एक दिवसाआड आणि 2 मिनिटांत संपेल एवढंच. कुजलेली पानं कात्रीने काढ. पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारं विष) तपास, शून्य नसेल तर पाव टाकी पाणी बदल, नवं पाणी क्लोरीन घालवलेलंच हवं. मग आठ-दहा दिवस खरंच हात लावू नकोस.

हिरवं असेल तर दिवा 6 तासांवर आण, ऊन अडव आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या चार-पाच काड्या सोड. भराभर वाढतं, शेवाळाचं खाद्य तेच ओढून घेतं.